बाकावरची विद्या

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संपादित संहिता)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी दोन गोष्टी या सभागृहातल्या बहुतेकांना ठाऊक आहेत. खेळाडू म्हणून ते जिल्ह्याच्या संघापलीकडे गेले नाहीत आणि त्यांनी शिकवलेली मुलं मात्र पुष्कळ पुढे गेली. त्यांच्या नावाने बोलताना विषय शोधायला लांब जायची गरज नाही. तरी मी लांब जाणार आहे, थेट अमेरिकेत, आणि तेही आपल्याकडे फारसं कुणी पाहत नाही अशा खेळाकडे. मला विचारायचा आहे तो प्रश्न साधा आहे. स्वतः मोठं न खेळलेला माणूस मोठा खेळ शिकवतो, तो नेमका कशाच्या बळावर? आपल्याकडे याचं उत्तर आपण एका शब्दात आटोपतो. तळमळ म्हणतो, निष्ठा म्हणतो आणि हार घालून मोकळे होतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये प्रत्येक डाव चित्रित होतो, प्रत्येक निर्णयाचा हिशेब ठेवला जातो आणि हंगाम संपला की नापास कोचला घरी पाठवतात. नुसत्या तळमळीवर तिथे कुणाचं भागत नाही, म्हणून हा प्रश्न तिथे जरा नीट तपासता येतो.

मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे त्याचं नाव डग पीडरसन. १९९१ ते २००४ या काळात तो नॅशनल फुटबॉल लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, आश्रयाने क्वार्टरबॅक म्हणून जगला. एवढ्या वर्षांत सुरुवातीपासून मैदानात उतरण्याचा मान त्याला मिळाला १७ सामन्यांत. त्यातले ३ त्याच्या संघाने जिंकले, १४ हरले. हाच माणूस ४ फेब्रुवारी २०१८ रोजी फिलाडेल्फिया ईगल्सचा मुख्य प्रशिक्षक म्हणून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. फिलाडेल्फियाने १९६०नंतर लीगचं विजेतेपद पाहिलं नव्हतं आणि सुपर बोल तर त्या शहराने कधीच जिंकला नव्हता.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी चार वाक्यं. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू असतात. चेंडू ज्याच्याकडे, त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याला. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, मंडळी पुन्हा रांगेत उभी राहतात आणि पुढचा डाव ठरतो. या थांबण्यामुळेच हा खेळ आधी कागदावर लिहिला जातो आणि मग मैदानावर खेळला जातो. लिहिणारा कोच, आणि लिहिलेलं बाकीच्या दहा जणांना सांगून प्रत्यक्षात आणणारा क्वार्टरबॅक.

हा संवाद कसा चालतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. एक डाव संपला की पुढच्यासाठी ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. १९९४पासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात छोटा रेडिओ असतो. कोचचा आवाज थेट त्याच्या कानात येतो. घड्याळात १५ सेकंद उरले की हा रेडिओ आपोआप बंद होतो. म्हणजे सांगणाऱ्याला जेमतेम पंचवीस सेकंद मिळतात. त्यात जो आदेश जातो तो बाहेरच्याला मंत्रासारखा वाटेल. 'स्पायडर टू वाय बनाना' हा त्यातला एक गाजलेला डाव. 'स्पायडर टू' म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्यांनी कसं उभं राहायचं ते, 'वाय' म्हणजे टाइट एन्ड नावाचा खेळाडू आणि 'बनाना' म्हणजे त्याने धरायची केळ्यासारखी वळलेली वाट. हा तसा छोटाच. याच्या दुपटीतिपटीने लांब आदेश एकदा ऐकायचा, वर्तुळात उभ्या राहिलेल्या दहा जणांना न अडखळता सांगायचा, मग समोरच्यांची उभी राहण्याची पद्धत पाहून तो योग्य आहे की बदलायचा हे ठरवायचं, आणि एवढं झाल्यावर चेंडू हातात घ्यायचा.

आता या क्वार्टरबॅकचा राखीव काय करतो? बाहेरून पाहिलं तर काहीच नाही. डोक्यावर टोपी, कानावर हेडफोन, हातात कागद. त्याचं खरं काम आठवडाभर चालतं. सरावात मुख्य संघाबरोबरचे जवळपास सगळे डाव पहिल्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला मिळतात. राखीव खेळाडू उरलेल्यांना घेऊन रविवारच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतो. कोच एक पत्ता वर धरतो, त्यावर समोरच्या संघाचा डाव रेखाटलेला असतो. तो पाहायचा आणि आपल्याच बचावफळीला त्रास होईल इतका हुबेहूब खेळायचा. या आठवड्यात एकाची नक्कल, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची. आपल्या संगीत नाटकांच्या काळी विंगेत बसणारा प्रॉम्प्टर असे. नाटक सगळ्यांचं त्याला पाठ, टाळी मात्र एकही नाही. राखीव क्वार्टरबॅकची जात तीच. फरक इतकाच की नट आजारी पडला तर प्रॉम्प्टरलाच रंगवून रंगमंचावर ढकलतात, आणि ते अर्ध्या मिनिटाच्या सूचनेवर.

पीडरसन या जातीतला अस्सल माणूस. वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला, फर्नडेल गावात वाढला. कॉलेज केलं दूर दक्षिणेत, लुइझियानातल्या मन्रो गावी. १९९१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक सोहळ्यात, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. मायामी डॉल्फिन्सने त्याला ठेवलं, काढलं, पुन्हा घेतलं, पुन्हा काढलं. मधल्या काळात वर्ल्ड लीग नावाच्या दुय्यम स्पर्धेत तो खेळला, कॅरोलायना पँथर्सच्या यादीतही लागला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी मात्र तो इतिहासाच्या चौकटीत शिरला. मायामीचा थोर क्वार्टरबॅक डॅन मरीनो आधीच जायबंदी होता. त्याच्या जागी आलेला स्कॉट मिचेल त्या दिवशी सामन्यात जखमी झाला. तिसरा पीडरसन. त्याने सामना पार नेला, मायामी १९-१४ असं जिंकलं आणि कोच डॉन शुला यांचा तो ३२५वा विजय ठरला. जॉर्ज हॅलस यांचा ३२४चा विक्रम त्या दिवशी मागे पडला. खेळाडूंनी खांद्यावर घेतलं ते शुलांना. सामना होता फिलाडेल्फियात.

पुढे ग्रीन बे पॅकर्स. तिथला पहिला क्वार्टरबॅक ब्रेट फार्व, आणि फार्वची ख्याती अशी की १९९२ ते २०१० तो एकाही सामन्याला सुरुवातीपासून हजर नाही असं झालं नाही. अशा माणसाच्या मागे उभं राहणं म्हणजे जवळजवळ खात्रीने बसून राहणं. पीडरसन दोन फेऱ्यांत मिळून सातेक हंगाम त्याच्या मागे होता; त्यातल्या एकाही सामन्याची सुरुवात त्याने केली नाही. किकच्या वेळी चेंडू जमिनीवर टेकवून धरण्याचं काम मात्र त्याच्याकडे असे. जानेवारी १९९७मध्ये ग्रीन बेने सुपर बोल जिंकला, विजेत्यांची अंगठी त्यालाही मिळाली.

पण त्या बाकाच्या शेजारची माणसं पाहा. मुख्य प्रशिक्षक माइक होमग्रेन. हे स्वतः १९७०च्या ड्राफ्टमध्ये निवडले गेलेले क्वार्टरबॅक, पण एनएफएलचा एकही नियमित सामना खेळले नाहीत. पुढे शाळेत इतिहास शिकवत फुटबॉलचे कोच झाले, आणि सॅन फ्रान्सिस्कोत बिल वॉल्श यांच्या हाताखाली घडले. वॉल्श म्हणजे सामन्याचे पहिले पंधराएक डाव आधीच लिहून काढणारे, छोट्या अचूक फेकींवर अख्खी पद्धत उभी करणारे शिक्षक. ग्रीन बेमध्ये होमग्रेन यांच्या हाताखाली क्वार्टरबॅकांना शिकवायला होते अँडी रीड. वॉल्श, होमग्रेन, रीड, पीडरसन. आपल्याकडे गाण्यात घराणं सांगतात तशी ही सरळ रेघ आहे.

१९९९मध्ये रीड फिलाडेल्फियाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्याबद्दलही तेव्हा कुरकुर होती, कारण त्यांनी एनएफएलमध्ये आक्रमणाची सूत्रं स्वतंत्रपणे कधी सांभाळली नव्हती. त्यांनी ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर डॉनवन मॅकनॅब हा तरुण क्वार्टरबॅक घेतला आणि तो तयार होईपर्यंत पूल म्हणून पीडरसनला आणलं. पीडरसनचं काम म्हणजे हरत राहायचं आणि हरताना मॅकनॅबला पद्धत शिकवायची. पहिले नऊ सामने त्याने सुरू केले; दोन जिंकले, सात हरले. फिलाडेल्फियाचा प्रेक्षक तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे, त्याने पीडरसनची मनसोक्त हुर्यो उडवली. १४ नोव्हेंबर १९९९ला, म्हणजे शुलांच्या त्या सामन्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या तारखेला, मॅकनॅबने पहिल्यांदा सुरुवात केली आणि संघ जिंकला. पुढच्या वर्षी पीडरसन क्लीव्हलंडमध्ये होता. तिथे आठ सामने, एक विजय. मग पुन्हा ग्रीन बे, पुन्हा फार्वच्या मागे, आणि २००४चा हंगाम संपल्यावर निवृत्ती.

इथपर्यंतच्या गोष्टीला उपदेशाचा साज चढवणं सोपं आहे. धीर धरा, निमूट बसा, फळ मिळेल. मला हे म्हणायचं नाही, कारण ते खरं नाही. त्या काळात पीडरसनसारखे डझनावारी राखीव क्वार्टरबॅक बाकांवर बसले होते. बहुतेक जण निवृत्त झाले आणि आज त्यांची नावं जुन्या यादीत शोधावी लागतात. बाक कुणाला शिकवत नाही. तो लाकडाचा किंवा पत्र्याचा असतो. बाकावर बसून माणूस काय करतो ते पाहायला हवं.

निवृत्तीनंतर पीडरसनने जे केलं ते म्हणून मला महत्त्वाचं वाटतं. अंगठीवाला खेळाडू, वय सदतीस. ओळखी वापरून तो थेट एखाद्या व्यावसायिक संघाच्या पायरीवर उभा राहू शकला असता. तो गेला लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट शहरातल्या काल्व्हरी बॅप्टिस्ट अकॅडमी या शाळेत. २००५ ते २००८ अशी चार वर्षं तो शाळेच्या मुलांचा मुख्य कोच होता. एनएफएलमध्ये ५३ जणांचा संघ निवडता येतो; जो डाव लिहिला त्याला लागणारा माणूस विकत घेता येतो. शाळेत जी मुलं वर्गात आहेत तीच मैदानावर. एखाद्याचा हात जोरकस नसेल तर नसेल, ज्याला लांब फेकता येत नाही त्याच्यासाठी लांब फेकीचा डाव लिहून उपयोग नाही. कोचने तिथे डावासाठी माणूस शोधायचा नसतो, माणसासाठी डाव शोधायचा असतो.

२००९मध्ये रीड यांनी त्याला फिलाडेल्फियाला बोलावलं, पण कशासाठी? आक्रमणाच्या 'क्वालिटी कंट्रोल'साठी. कोचांच्या उतरंडीतली ही सगळ्यात खालची पायरी. प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांच्या फिल्मचे तुकडे करायचे, कुठल्या परिस्थितीत ते काय करतात याची नोंद ठेवायची, सरावासाठी पत्ते रेखाटायचे. ज्या पत्त्यांकडे पाहून त्याने वर्षानुवर्षं दुसऱ्यांची नक्कल केली होती, तसलेच पत्ते आता तो स्वतः काढत होता, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. २०११मध्ये तो क्वार्टरबॅकांचा कोच झाला. २०१२मध्ये तिसऱ्या फेरीत निवडलेला निक फोल्स नावाचा उंच, शांत मुलगा त्याच्या वर्गात आला. हे नाव लक्षात ठेवा. त्या हंगामाअखेर रीड यांना फिलाडेल्फियाने काढलं. ते कॅन्सस सिटीला गेले आणि पीडरसनला आक्रमणाचा समन्वयक म्हणून सोबत घेऊन गेले. आदल्या वर्षी २ सामने जिंकून १४ हरलेला तो संघ त्यांच्या पहिल्याच हंगामात ११ जिंकला.

जानेवारी २०१६मध्ये फिलाडेल्फियाने पीडरसनला मुख्य प्रशिक्षक नेमलं. शहरात फारसा उत्साह नव्हता. रीडचा माणूस, हरलेला क्वार्टरबॅक, मोठ्या नावांनी नकार दिल्यावर उरलेला, असा सूर होता. पहिल्या वर्षी ७ विजय, ९ पराभव. २०१७चा हंगाम सुरू होताना एका नावाजलेल्या समीक्षकाने तर जाहीर सांगितलं की इतका अपात्र प्रशिक्षक आपण तीस वर्षांत पाहिला नाही.

त्या हंगामात ईगल्सने १३ सामने जिंकले, ३ हरले. पीडरसनची एक खोड सगळ्यांच्या नजरेत भरली. चौथ्या प्रयत्नाला बहुतेक कोच चेंडू लाथाडून समोरच्याला देतात किंवा किकचे तीन गुण पदरात पाडून घेतात. पीडरसन खेळायचा. त्या हंगामात २६ वेळा तो चौथ्या प्रयत्नाला गेला आणि १७ वेळा यशस्वी झाला. यामागे धाडस होतंच. आकडेमोड करणारी माणसंही त्याने हाताशी ठेवली होती. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याची सुरुवातीची नोंद ३ विजय आणि १४ पराभव अशी आहे, त्याला जगापुढे हरण्याची नवी भीती उरलेली नसते. नामवंत खेळाडूला कोच झाल्यावर नाव जपावं लागतं. याच्याकडे जपायला काय होतं?

आणि मग १० डिसेंबर २०१७. लॉस एंजेलिसमध्ये रॅम्सविरुद्धच्या सामन्यात कार्सन वेन्ट्झच्या गुडघ्याचा बंध तुटला. वेन्ट्झ हा संघाचा पहिला क्वार्टरबॅक, त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मानासाठी आघाडीवर असलेला. त्याच्या जागी कोण? निक फोल्स. मधल्या पाच वर्षांत फोल्सचं सगळं पाहून झालं होतं. २०१३मध्ये फिलाडेल्फियात त्याने गोलपट्टीत गुण मिळवून देणाऱ्या २७ फेकी, म्हणजे टचडाउन, फेकल्या आणि चेंडू फक्त दोनदा समोरच्याच्या हाती दिला. दोन वर्षांत त्याची दुसऱ्या संघाला अदलाबदल झाली, तिथे त्याला बाकावर बसवलं, मग सोडून दिलं. २०१६मध्ये तो खेळ सोडण्याच्या बेतात होता. रीड यांनी कॅन्सस सिटीला बोलावून घेतलं आणि २०१७मध्ये तो राखीव म्हणून पुन्हा फिलाडेल्फियात आला.

हंगामाअखेरचे सामने फोल्सला जड गेले. ओकलंडविरुद्ध संघ कसाबसा जिंकला, डॅलसविरुद्ध ६-० असा हरला, आणि लोकांनी हंगामावर पाणी सोडलं. इथे पीडरसन, आक्रमणाचा समन्वयक फ्रँक राइक आणि त्यांचे सहकारी काय करतात? त्यांनी फोल्सच्या जुन्या, २०१३च्या फिल्म काढल्या. त्याला आवडणारे डाव कोणते, कुठल्या हालचालीत त्याचा हात मोकळा चालतो, हे शोधलं, त्यालाही विचारलं. चेंडू हातात घेऊन धावकऱ्याला द्यायचा की फेकायचा हे क्षणात ठरवण्याचे डाव त्याला मानवत, ते वाढवले. वेन्ट्झसाठी रचलेलं आक्रमण फोल्सच्या मापाने पुन्हा बेतलं. राइक स्वतः कोण, हेही इथे सांगितलं पाहिजे. बफेलोमध्ये जिम केलीच्या मागे वर्षानुवर्षं बसलेला राखीव क्वार्टरबॅक. जानेवारी १९९३मध्ये केली जखमी असताना ह्यूस्टनविरुद्ध ३-३५ अशा पिछाडीवरून त्याने ४१-३८ असा सामना काढला होता. एका राखीव खेळाडूसाठी डाव लिहायला बसले होते ते हे दोन माजी राखीव खेळाडू.

अटलांटाविरुद्ध १५-१०. मिनेसोटाविरुद्ध ३८-७. आणि मग मिनिअ‍ॅपोलिसमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध सुपर बोल. समोर त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी.

पूर्वार्धाचे ३८ सेकंद उरले आहेत. ईगल्स १५-१२ने पुढे. चौथा प्रयत्न, गोलरेषा हाकेवर. शहाणा कोच किक मारून तीन गुण घेतो. पीडरसनने वेळ मागून घेतली. फोल्स बाजूरेषेकडे चालत आला आणि त्याने स्वतःच डावाचं नाव घेतलं: फिली फिली हवा का? पीडरसन क्षणभर थांबला आणि म्हणाला, चल, करू या. डावाचं खरं नाव 'फिली स्पेशल'. पीडरसनच्या एका तरुण सहायकाने असे चमत्कारिक डाव जमवून ठेवले होते. हा त्याने शिकागोच्या संघाकडून उचलला होता. फोल्स आदेश बदलायला जातो आहे असं दाखवत उजवीकडे सरकला आणि रांगेच्या मागे निवांत उभा राहिला. चेंडू थेट धावकरी कोरी क्लेमेंटकडे गेला. तो डावीकडे धावला, उलट्या दिशेने येणाऱ्या ट्रे बर्टनच्या हातात त्याने चेंडू टाकला. बर्टन टाइट एन्ड, पण शाळेत क्वार्टरबॅक होता. बर्टनने फेकला आणि गोलपट्टीत एकट्याच उभ्या असलेल्या फोल्सने झेलला. जगातल्या सगळ्यात मोठ्या सामन्यात क्वार्टरबॅक झेल घेतो आहे! त्याच अर्धात ब्रेडीकडेही अशीच एक फेक आली होती आणि ती त्याच्या हातून सुटली होती.

चौथ्या भागात ईगल्स ३२-३३ असे मागे, साडेपाच मिनिटं शिल्लक, स्वतःच्याच अर्धात चौथा प्रयत्न आणि एक यार्ड हवा. इथे चुकलं तर सामना संपल्यात जमा. पीडरसन पुन्हा खेळला. फोल्सने झॅक अर्ट्झला छोटी फेक दिली, यार्ड मिळाला, आणि थोड्या वेळाने त्याच अर्ट्झने टचडाउन केला. ४१-३३. फोल्स सामन्याचा मानकरी. पुढच्या हंगामाच्या तोंडावर फिलाडेल्फियाच्या मैदानाबाहेर पुतळा बसला, तो विजयाचा नाही, त्या संभाषणाचा: बाजूरेषेवर एकमेकांशी बोलणारे कोच आणि क्वार्टरबॅक.

पुतळ्याचा विषय बरोबर निवडला असं मला वाटतं. त्या क्षणी कल्पना राखीव खेळाडूची होती आणि कोचने ती हरकत न घेता स्वीकारली. खाली उभ्या असलेल्या माणसालाही खेळ दिसतो, कधी वरच्यापेक्षा स्वच्छ दिसतो, हे पीडरसनला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

आता उलट बाजू. मोठे खेळाडू मोठे कोच होतच नाहीत, असा नियम मला काढायचा नाही. पण बार्ट स्टार पाहा. ग्रीन बेला पाच विजेतेपदं मिळवून देणारा क्वार्टरबॅक. १९७५ ते १९८३ त्याच संघाचा कोच झाला तेव्हा हरला जास्त, जिंकला कमी. ऑटो ग्रॅहमचं वॉशिंग्टनला तेच झालं. दुसरीकडे टॉम फ्लोरेस: खेळाडू म्हणून कारकिर्दीच्या अखेरीस राखीव क्वार्टरबॅक, कोच म्हणून रेडर्सना दोन सुपर बोल. गॅरी क्युबिॲक: डेन्व्हरमध्ये जॉन एलवेच्या मागे नऊ हंगाम, आणि पुढे त्याच संघाचा कोच म्हणून सुपर बोल. अगदी अलीकडचा केव्हिन ओ'कॉनेल: एनएफएलमध्ये दोन सामने, सहा फेकी, बस्स. मिनेसोटाचा कोच म्हणून २०२४मध्ये त्याने तीन संघ फिरून आलेल्या क्वार्टरबॅक सॅम डार्नल्डला घेऊन १४ सामने जिंकले. तरुण क्वार्टरबॅक अपयशी ठरण्याआधी संस्थाच त्याच्या बाबतीत अपयशी ठरलेली असते, असं तो उघड म्हणतो.

मात्र हीच विद्या चुकीच्या जागी वापरली तर काय होतं, तेही पीडरसननेच दाखवलं. ३ जानेवारी २०२१, हंगामाचा शेवटचा सामना, वॉशिंग्टनविरुद्ध. ईगल्स स्पर्धेबाहेर गेलेले, पण या सामन्यावर न्यूयॉर्क जायंट्सचं भवितव्य अवलंबून. ईगल्स १४-१७ने मागे, सामना हातात. चौथ्या भागात पीडरसनने खेळत असलेल्या क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बाहेर घेतलं आणि नेट सडफेल्ड या तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला उतरवलं. ईगल्स हरले, ड्राफ्टमधला त्यांचा क्रमांक सुधारला आणि देशभर गदारोळ झाला की हा सामना मुद्दाम घालवला. पीडरसनचं स्पष्टीकरण असं की सडफेल्ड चार वर्षं इथे आहे, त्याला संधी मिळायला हवी होती. त्याच्या मनात दुसरं काय होतं ते तोच जाणे. स्पष्टीकरण खरं मानलं तर ते जास्त विचार करायला लावतं. फोल्सवर विश्वास टाकताना त्याच्यासाठी डाव बेतले होते. सडफेल्डला नुसती संधी दिली होती. बाकावरच्या माणसाबद्दल कणव वाटणं वेगळं आणि त्याला उभं करणं वेगळं. आठ दिवसांनी पीडरसनची नोकरी गेली.

२०२२मध्ये तो जॅक्सनव्हिलला गेला. पहिल्याच हंगामात ३-७वरून संघाला ९-८पर्यंत आणून गटविजेता केलं. बाद फेरीत चार्जर्सविरुद्ध ०-२७ अशी पिछाडी होती. तरुण क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्सने पूर्वार्धात चार वेळा चेंडू गमावला होता. पीडरसनने त्याला काढलं नाही. जॅक्सनव्हिल ३१-३० असं जिंकलं. दोन वर्षांनी ४ विजय, १३ पराभव, आणि जानेवारी २०२५मध्ये पुन्हा निरोप. फ्रँक राइकलाही पुढे दोन संघांनी काढलं. त्यांची विद्या खोटी नव्हती. पण जगज्जेतेपदाची हमी देणारं औषधही ती नव्हती.

आणि एक बाजू, जी या गोष्टीत बहुधा सांगितली जात नाही. पीडरसनला शाळेतून उचलणारा एक रीड होता. बाकावर शिकलेलं दिसावं लागतं, आणि ते सगळ्यांचं सारखं दिसत नाही. एनएफएलमध्ये कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकांना एके काळी खेळायलाच दुसऱ्या जागा दिल्या जात. २००३मध्ये 'रूनी नियम' करावा लागला, की मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. बायरन लेफ्टविच या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकची वाट पीडरसनसारखीच होती. आधी जॅक्सनव्हिलचा पहिला, मग पिट्सबर्ग, टँपा अशा ठिकाणी राखीव; मग शिकाऊ कोच, मग टँपाच्या आक्रमणाचा समन्वयक, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये त्याच पदावर सुपर बोल विजेता. २०२२मध्ये जॅक्सनव्हिलच्या जागेसाठी त्याची मुलाखत झाली, त्याचं नाव आघाडीवर होतं. जागा पीडरसनला मिळाली. एका निवडीवरून निकाल देणं योग्य नाही. पीडरसनकडे सुपर बोलचा चषक होता. पण मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची लेफ्टविचला आजतागायत मिळालेली नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

श्रोतेहो, सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. न खेळलेला किंवा कमी खेळलेला माणूस शिकवू शकतो, कारण खेळातली सरशी आणि खेळाची जाण या दोन वेगळ्या मिळकती आहेत. पहिली हात, पाय, डोळा यांच्याबरोबर जन्माला येते आणि वयाबरोबर जाते. दुसरी जमवावी लागते: दुसऱ्याची नक्कल करून, दुसऱ्याच्या जागी स्वतःला उभं करून, न खेळायच्या सामन्याचीही पूर्ण तयारी करून. तिचा उपयोग मात्र एकाच वेळी होतो, जेव्हा समोर उभा असलेला माणूस जसा आहे तसा धरून त्याच्यासाठी डाव लिहिला जातो. उपयोग होण्यासाठी कुणीतरी बोलावणारा लागतो. म्हणून आपल्या क्रीडासंस्थांकडे माझं मागणं थोडंच आहे. निवृत्त खेळाडूला प्रशिक्षक नेमताना त्याचे बळी, धावा आणि गोल जरूर मोजा, पण एक प्रश्न आणखी विचारा: तू संघात असून खेळत नव्हतास तेव्हा काय करत होतास? ज्याच्याकडे या प्रश्नाचं तपशीलवार उत्तर असेल, त्याला मैदानाची किल्ली द्या. आणि त्याला बोलवायला जाताना आपल्या ओळखीच्या दोन-चार गल्ल्यांपलीकडेही जा.